दोन विटांवरची फळी

आमच्या शाळेचा वरचा मजला बांधला गेला त्या वर्षी मी शिकवायचे तो वर्ग मैदानाच्या बाजूला होता. घंटा होण्याआधी खिडकीतून रोज एकच दृश्य दिसायचं. विटांवर ठेवलेली एक लांब फळी आणि तिच्यावरून एकामागून एक चालत जाणारे गवंडी. फळी जमिनीपासून वीतभरसुद्धा उंच नव्हती. पडून पडणार तरी किती? पण चालणाऱ्यांचे चेहरे असे, की खाली विहीर आहे.

फळीच्या टोकाशी मेस्त्री उभे असत. अंगाने काटकुळे, मानेने ताठ, कानामागे पेन्सिल. समोरच्याशी बोलताना ते त्याच्याकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायचे. पहिल्यांदा मला तो उद्धटपणा वाटला. मग कळलं, भिंत सरळ आहे की नाही हे पाहिल्याशिवाय त्यांना कुठल्याच खोलीत चैन पडत नसे. आमच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, तुमची भिंत बोटभर झुकली आहे. पडणार नाही, पण झुकली आहे." साहेबांनी त्या दिवसापासून खुर्ची दुसऱ्या बाजूला हलवली.

फळीचे नियम साधे होते. हात पसरायचे नाहीत, पायाकडे बघायचं नाही, टोकाला जाऊन वळायचं आणि परत यायचं. ज्याचा पाय बाहेर पडला त्याने त्या दिवशी परांचीवर चढायचं नाही. खाली राहून माल कालवायचा, घमेली वाहायची. कारण विचारलं जात नसे. रात्री घेतली असणार, दुसरं काय?

"मेस्त्री, चप्पल घसरली फक्त."

"चप्पल नाही घसरली. तुझी रात्र अजून उतरली नाही. घमेलं उचल."

सगळे हसत. पडलेलाही हसे. सगळ्यांच्या आधी मेस्त्री स्वतः चालून दाखवत, रोज एकाच चालीने, जसं काही अंगणात फेरी मारायला निघालेत. आमची पोरं मधल्या सुट्टीत तोच खेळ खेळू लागली आणि बाकावरून पडून दोघांचे गुडघे फुटले, म्हणून मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले. ते म्हणाले, "बाई, पोरांना खेळू द्या. माणूस खोटं बोलतो, डोळा खोटं बोलतो. ओळंबा आणि फळी, ही दोनच खोटं बोलत नाहीत."

ती फळी त्यांच्या जुन्या ठेकेदाराची होती. ठेकेदार वारला, ती यांच्याकडे आली. पावसात भिजू नये म्हणून ते तिला रोज घरी नेत. एवढी लांब फळी खांद्यावर घेऊन माणूस गल्लीतून चालला की समोरून येणारे आपोआप भिंतीला चिकटत.

त्यांच्या घरी मी आधीपासून जात असे, ते त्यांच्या वहिनीमुळे. वहिनी शाळेचे गणवेश शिवायच्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं पायमशीन, मागच्या दोन खोल्यांत मेस्त्री, त्यांची बायको आणि मुलगी. घर मेस्त्र्यांनी स्वतः बांधलेलं, कोपरे असे की कागद लावून बघावा. पण मशीनसमोरच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक काळपट डाग होता. नीट पाहिलं की कळे, तो तळहात आहे. बोटं पसरलेली, अंगठा जरा वर. घरभर तीनदा रंग झाला, तेवढा हातभर तुकडा तसाच ठेवलेला.

"आमच्या ह्यांचा हात आहे तो," वहिनींनी एकदा दोरा दातांनी तोडत सांगितलं. "सहा वर्षं तिथेच हात टेकून उभे राहायचे."

थोरला मेस्त्री. त्याच्याबद्दल गावात जे बोललं जाई ते मीही ऐकलं होतं. हात सोन्याचा, पण दारूने वाया गेला. बांधकामात सगळ्यात कसबी गवंडी कोपरा उचलतो. दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणली जाते आणि बाकीचे त्या दोरीच्या आधाराने भिंत भरत जातात. कोपरा चुकला की सगळी भिंत चुकते. थोरला कोपऱ्याचा गवंडी होता. एका सकाळी तो याच फळीवरून सगळ्यांदेखत पडला, उठला, पुन्हा पडला आणि तिथेच ओकला. ठेकेदाराने त्याला काढलं. मग कुणीच घेतलं नाही. सहा वर्षं घरात बसला, एका कानाने बहिरा झाला, आणि एका हिवाळ्यात ताप छातीत उतरला आणि तो गेला. लोक म्हणाले, दारूने आधी कान खाल्ला, मग माणूस. तो शपथा घ्यायचा म्हणे. पण पिणारे शपथा घेतातच.

कोपरा मग धाकट्याकडे आला. तेच आमचे मेस्त्री.

मजल्याचं काम खिडक्यांपर्यंत आलं तेव्हा मला त्यांच्यातला पहिला बदल जाणवला, आणि तो अगदी मास्तरकीच्या नजरेला जाणवण्यासारखा होता. वर्गात एखादं पोर मान तिरकी करून ऐकू लागलं की मी त्याला पुढच्या बाकावर आणत असे. मेस्त्री तसेच मान तिरकी करू लागले होते. उजवा कान पुढे. डाव्या बाजूने कुणी हाक मारली तर भलतीकडेच बघायचे. मधूनच करंगळी डाव्या कानात घालून हलवायचे, पोहून आल्यावर पाणी काढतात तशी.

"कानात काय गेलंय, मेस्त्री?"

"काही नाही बाई. सिमेंटची धूळ असेल. घुमतंय जरा."

"काय घुमतंय?"

ते माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लांब कुठेतरी गिरणी चालू असल्यासारखं. इथे जवळपास गिरणी आहे का हो?"

नव्हती.

पुढच्या पंधरवड्यात ते परांचीवर ओळंबा धरून उभे असताना मी त्यांना पाहिलं. दोरीला टांगलेला शिशाचा लोळा स्थिर होता. वाराही नव्हता. पण मेस्त्री त्या दोरीकडे असे बघत होते, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाने तोंडावर खोटं बोलावं. मग ते हळूच खाली बसले, दोन्ही हातांनी परांचीचा बांबू मिठीत धरला आणि डोळे मिटले. अर्ध्या तासाने उतरले, चेहरा पांढराफटक, कोपऱ्यात जाऊन ओकले. पित्त झालं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. असं दोन महिन्यांत तीनदा झालं. त्यानंतर फळीवर सगळ्यांच्या आधी चालणं त्यांनी बंद केलं. "माझी झाली घरी," म्हणायचे.

गवंडी काही बोलले नाहीत. पण मालाचं घमेलं वाहणारी एक म्हातारी मावशी होती, जुन्या ठेकेदाराच्या काळापासूनची. तिने एकदा सगळ्यांत म्हटलं, "का रे, घरची फळी वेगळी आहे का? आम्हालाही दाखव की."

मेस्त्री चढले फळीवर.

मी खिडकीत होते. चार पावलं नीट गेली. पाचव्याला ते थांबले. हात पसरायचे नाहीत हा त्यांचाच नियम. हात मांडीला घट्ट चिकटवून ते उभे होते आणि अख्खं शरीर डावीकडे कलत होतं, पाया खचलेल्या खांबासारखं. मग ते पडले. उठले. पुन्हा पडले. कुणीतरी सवयीने बोलून गेला, "मेस्त्री, घमेलं!" आणि बोलल्यावर तोच आधी फळीकडे धावला. कुणी हसलं नाही.

मावशीच्या हातातलं घमेलं खाली गेलं. ती म्हणाली, "अरे देवा. हा तर थोरलाच पडला."

दोघा गवंड्यांनी त्यांना हातगाडीवर घालून घरी नेलं. पहिले दोन तास ऑफ होते, म्हणून मीही गेले. वाटभर त्यांनी डोळे उघडले नाहीत. गाडी थांबली तरी दोन्ही हातांनी कठडे धरून म्हणत होते, "थांबवा, थांबवा." त्यांची बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. वहिनी मशीनवरून उठल्या, दारात आल्या, दिराकडे पाहिलं आणि जागीच थबकल्या.

"भावोजी, डोळे उघडा."

त्यांनी उघडले. बुबुळं एका बाजूला हलकेच सरकत होती आणि झटक्याने परत येत होती, पुन्हा सरकत होती, जसं काही हवेत लिहिलेलं कुणी भराभर वाचतोय.

वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला. "कानाला दडा बसला होता ना आधी? डाव्या?"

मेस्त्र्यांचा एक हात कठड्यावरून सुटून डाव्या कानाकडे गेला.

"आधी दडा बसतो. मग गिरणी सुरू होते. मग घर फिरतं. जमिनीवर आडवं पडलं तरी पडतोय असं वाटतं. मग उलटी. दोन-तीन तासांनी झोप लागते, आणि उद्या काहीच नाही." त्यांनी पाठ केलेल्या पाढ्यासारखं सगळं सांगितलं. "बरोबर ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, वहिनी?"

"तुम्हालाही सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही ऐकलं नाहीत. मीही नाही."

गवंड्यांनी त्यांना उतरवून आत आणलं. आधारासाठी त्यांचा हात भिंतीकडे गेला, आणि समोर होता तो डाग. पाच बोटांवर पाच बोटं बरोबर बसली. अंगठासुद्धा. मेस्त्र्यांनी विस्तवावरून काढावा तसा हात मागे घेतला आणि ते जमिनीवर बसले.

झटका उतरल्यावर, दोन दिवसांनी, इस्पितळात मी त्यांच्याबरोबर गेले, कारण कागद वाचायला कुणीतरी हवं, असं वहिनी म्हणाल्या. कानाची डॉक्टरीण तरुण होती, पण ऐकून घेणारी. तिने मेस्त्र्यांना विचारलं, नेमकं काय होतं. मेस्त्री म्हणाले, "चक्कर येते."

"चक्कर म्हणजे काय? डोळ्यांपुढे अंधारी येते की सगळं फिरतं?"

"येते चक्कर. पित्ताची."

भिंतीतला केसभर फरक सांगणारा हा माणूस स्वतःबद्दल एवढंच सांगू शकला. तेव्हा वहिनी मागच्या बाकावरून बोलू लागल्या. अंधारी येत नाही, शुद्ध जात नाही, सगळं फिरतं. अर्ध्या तासापासून तीन-चार तासांपर्यंत. आधी त्याच कानाला दडा, त्याच कानात घरघर, आणि त्या दिवसांत त्या कानाने कमी ऐकू येतं. मग परत येतं. पण दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी परत येतं. जेवढं परत येत नाही तेवढं कायमचंच जातं.

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "काकू, तुम्हाला किती वर्षं आहे हा त्रास?"

"मला नाही. माझ्या नवऱ्याला होता. ते फळीवरून पडले त्याला बावीस वर्षं झाली."

"मग तेव्हा काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"डॉक्टरकडे कोण नेणार?" वहिनी म्हणाल्या. "पिणाऱ्याला डॉक्टरकडे नेत नाहीत. शिव्या देतात."

कानांच्या तपासण्या झाल्या. हेडफोन लावून मेस्त्री काचेच्या खोलीत बसले होते आणि आवाज आला की बटण दाबायचं होतं. डाव्या कानाच्या वेळी ते बराच वेळ नुसतेच बसून राहिले. डॉक्टरणीने कागदावर नाव लिहिलं, मेनिएर. आतल्या कानात एक पाणी असतं, त्याचा दाब वाढतो. ऐकणं आणि तोल, दोन्हींचं घर तेच, म्हणून दोन्ही बिघडतं. मीठ कमी, या गोळ्या, झोप वेळेवर, आणि उंचावर चढणं बंद. वहिनींनी विचारलं, म्हणजे आमच्या ह्यांनाही हेच होतं का? ती म्हणाली, "जो माणूस मी तपासला नाही त्याचं नाव घेऊन मी काही लिहिणार नाही. पण तुम्ही सांगितलंत ते जर खरं असेल, तर माझ्याकडे आले असते तर मी आधी कानच पाहिला असता. आणि एका घरात दोघांना असू शकतं."

बाहेर औषधांच्या खिडकीशी रांग होती. आम्ही तिघं बाकावर बसलो, मेस्त्री मध्ये. त्यांच्या हातात तो कागद होता. ते समोरच्या भिंतीकडे बघत नव्हते. त्यांना मी पहिल्यांदाच स्वतःच्या पायांकडे बघताना पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या सकाळी ठेकेदाराने मला विचारलं होतं."

"कुठल्या सकाळी?"

"दादा पडला त्या. सगळ्यांसमोर विचारलं. तू एका घरात राहतोस, तू सांग, घेतो का हा? मी हो म्हणालो."

वहिनींनी मान वळवली नाही. "पिताना बघितलं होतंत?"

"नाही."

"वास?"

"नाही. पाय लटपटत होते, ओकला होता. मला वाटलं तसंच. दुसरं काय असणार? पण खात्री नव्हती. खात्री नसताना हो म्हणालो. कोपरा मला मिळणार होता."

रांग दोन माणसं पुढे सरकली. मी मेस्त्र्यांच्या हातातला कागद घेतला आणि उठणार होते, पण वहिनींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग त्या बोलल्या, शांतपणे, हिशेब सांगावा तशाही नाही, नुसतं आठवावं तशा.

"मला वाटायचं, सख्खा भाऊ म्हणतो म्हणजे असेलच. संध्याकाळी मशीन बंद केलं की मी त्यांचं तोंड हुंगायचे. रोज. पुढेपुढे मला सांगावंही लागायचं नाही. मशीन थांबलं की ते आपणहून समोर येऊन उभे राहायचे, तोंड उघडून. शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसे. वास कधीच यायचा नाही. तर मी म्हणायचे, बिनवासाची घेता. सहा वर्षं, भावोजी."

"वहिनी, मला..."

"माफी नका मागू. ती मी देऊ शकत नाही, माझी नाही ती." त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली. "सगळ्यांसमोर हो म्हणालात ना? मग सगळ्यांसमोर नाही म्हणा."

"त्या वेळचं आता कोण उरलंय? ठेकेदार गेला, गवंडी पांगले."

"फळी आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी शाळेच्या मैदानात आल्या. बावीस वर्षांत त्या कुठल्याच कामावर आल्या नव्हत्या. फळी विटांवर मांडलेली होती, गवंडी रांगेत होते. मेस्त्री फळीपाशी गेले, पण तिच्यावर चढले नाहीत. बाजूला जमिनीवर उभे राहिले.

"माझा थोरला भाऊ प्यायचा नाही," ते म्हणाले. "या फळीवरून पडला होता. मी सांगितलं होतं की पितो. तो पीत नव्हता. त्याच्या कानाचा आजार होता. तोच आता मला आहे."

रांगेतल्या बहुतेकांचा थोरल्याच्या वेळी जन्मही झाला नसेल, नाहीतर ते पाळण्यात असतील. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने डोक्याला बांधलेलं फडकं सोडून हातात घेतलं, काय करावं न कळून. मग मावशी पुढे आली. ती वहिनींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी होते गं तेव्हा. मीसुद्धा हसले होते."

वहिनींनी मान हलवली, ऐकलं एवढंच सांगणारी. आणि त्या घरी गेल्या. तीस सदऱ्यांची बटणं लावायची होती.

कोपरा त्या दिवसापासून दुसऱ्या गवंड्याकडे गेला. मेस्त्री जमिनीवरची कामं करतात, पायऱ्या, ओटे, फरशी. फळी अजून मांडतात. पण कुणाचा पाय बाहेर पडला की आता आधी विचारतात: फिरतंय की नुसतं लटपटतंय? किती वेळ? कानात काही वाजतं का? दडा? पोरं बेरकी. एक जण तांबारलेले डोळे घेऊन म्हणाला, "मेस्त्री, दडा बसलाय हो." मेस्त्री म्हणाले, "दडा कानात बसतो लेका, तोंडाला त्याचा वास येत नाही. घमेलं उचल." पण दुपारी त्यालाही जवळ बसवून पुन्हा विचारलं. हातगाडी ढकलणाऱ्या एकाला तर ते स्वतः घेऊन गेले इस्पितळात. त्याचं दुसरंच निघालं, कानातले बारीक खडे सरकलेले. कूस बदलली की मिनिटभर गरगरायचं. डॉक्टरणीने त्याची मान वळवून, आडवं करून दोन वेळा फिरवलं आणि तो चालत घरी आला. मेस्त्री ही गोष्ट सगळ्यांना सांगतात.

मी निवृत्त झाले तरी वहिनींकडे जाते. भिंतीवरचा डाग आहे तसाच आहे. त्याच्या खाली, जरा बाजूला, आणखी एक डाग धरू लागला आहे. झटका आला की मेस्त्री तिथे हात टेकतात, वरच्या खुणेला न लावता.

दीर-भावजयीचं बोलणं त्या सकाळपासून बंद आहे. ताट मेस्त्र्यांची बायको वाढते, निरोप मुलगी पोचवते. फक्त संध्याकाळी, मेस्त्री कामावरून आले, फळी व्हरांड्यात आडवी ठेवली आणि उंबऱ्यात पाऊल टाकलं, की मशीन थांबतं. वहिनी वर बघत नाहीत. कापड तसंच हाताखाली धरलेलं असतं.

"कान?"

मेस्त्री तिथेच उभे राहतात. उत्तर द्यायला त्यांना नेहमी थोडा वेळ लागतो, आत काय वाजतंय ते नीट ऐकून मग सांगायचं असतं. तेवढा वेळ वहिनींचा पाय मशीनच्या पायट्यापासून उचललेला असतो, खाली येत नाही.